रिकाम्या तालमीतली हलकी जोडी

पाथर्डीच्या बाजूला एका गावात गहिनीनाथ नावाचा पैलवान राहायचा. कुस्ती सोडून बरीच वर्षं झाली होती, पन्नाशी उलटली होती. बायको गेली, मूलबाळ झालं नाही. मारुतीच्या देवळामागची तालीम तेवढी उरली. रोज सकाळी तो तिथं मुद्गलांची मोठी जोडी फिरवायचा. ती पेलणारा गावात दुसरा कोणी नव्हता, आणि हे त्याला पुरेपूर ठाऊक होतं.

बहात्तरच्या दुष्काळात गाव ओस पडलं. बरेच जण ऊसतोडीला गेले, उरलेले खडी फोडायला. त्याचा जुना जोडीदार बन्सीही बायकोला घेऊन कारखान्यावर गेला. तालमीकडं कोणी फिरकेना. दिवस खायला उठायचा, म्हणून गहिनीनाथ व्यायाम वाढवत गेला. थंडीतल्या एका सकाळी अंग न तापवताच त्याने जोडी झटक्यात उचलली. उजव्या खांद्यातून कळ गेली. हात वर होईना.

हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. डाव्या हाताने भाकरी थापून पाहिली, जमली नाही. पाणी पिऊन पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी तो पाथर्डीला म्हाताऱ्या हाडवैद्याकडे, अल्लाबक्षकडे गेला. अल्लाबक्षने खांदा चाचपला, गुडघे वाकवून पाहिले. ते कटकट वाजले.

"हाड शाबूत हाय. खांदा बरा झाला की पुन्यांदा सुरू कर. बसून राहिलास तर सांधे आखडतील. पन आदी अंग तापव. वजन अंगाजवळ धर, झटका मारू नको. बैठक अर्धीच घाल. दुखायच्या आत थांब. आन् जोडी हलकी घे."

"ती पोरांची हाय, चाचा."

"हायेत का पोरं तिथं?"

गहिनीनाथ डाव्या हाताने सदरा चढवू लागला.

खांदा बरा झाल्यावर त्याने हलकी जोडी काढली. लाज वाटून तालमीचं दार लावून घेतलं. बघायला गावात होतं कोण? त्याचं त्यालाच हसू आलं, आणि हसताना डोळे भरून आले.

उन्हाळ्यात बन्सी बायकोसोबत काठी टेकत परतला. मोळ्या डोक्यावर घेऊन गाडीत चढवताना गुडघा दुखावला होता. गहिनीनाथ रोज त्याला करडईचं तेल चोळायचा, भिंतीला धरून अर्ध्या बैठका घालायला लावायचा.

"अजून एक घालतो," बन्सी म्हणायचा.

"न्हाई. दुखायच्या आत थांबायचं."

पुन्हा तालमीत बोलणं ऐकू येऊ लागलं. पण गुडघा सुधारेपर्यंत बन्सीच्या मुलाला श्रीरामपूरकडे कायमची नोकरी लागली. तो आईबापांना न्यायला आला.

एसटी आली. बन्सी कोणाचा हात न धरता पायऱ्या चढला. खिडकीतून म्हणाला, "येत जा रं तिकडं."

"व्हय, येईन की," गहिनीनाथ म्हणाला. तोवर गाडी हलली होती.