वीस मिनिटांचं कॅथेड्रल

ठाण्यात नौपाड्यातल्या शाळेत मी एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. आठवीला दरवर्षी फळ्यावर टोकदार गॉथिक कमान काढायचे, शेजारी गोल रंगीत खिडकी. दोन्ही पुस्तकातल्या मळक्या फोटोवरून. निवृत्त झाल्यावर फ्रान्सची सहल घेतली, ती त्या एका खिडकीसाठी.

सहलीत बाकी सगळी कल्याण-डोंबिवलीची मंडळी. चिवडा, गुडघेदुखी आणि फ्लॅटचे भाव, याशिवाय त्यांच्या तोंडून आठवडाभरात चौथा विषय निघाला नाही. कुणी विचारलं की मी ठाण्याची आहे असं मुद्दाम सांगायचे, मधे खाडी नसून समुद्रच असल्याच्या थाटात.

ती खिडकी असलेल्या कॅथेड्रलला गाइडने वीस मिनिटं दिली. दाराशी पोचते तर आमच्यातल्या आंबिवलीच्या एक बाई वाकून बूट काढतायत! त्यांचं बघून आणखी अकरा जणांनी काढले. दगडी पायरीवर बुटांची रांग, त्यात कोंबलेले मोजे. माझं डोकंच फिरलं.

"अहो, हे देऊळ नाहीये! इथे कुणी काढत नाही."

"असू दे ना मॅडम. देव कुणाचा पण असला तरी चपला बाहेरच ना," म्हणत त्या अनवाणी आत गेल्या. बाकीचे मागोमाग.

पहारेकरी येऊन बुटांकडे बघायला लागला. मी त्याची इंग्रजीत माफी मागितली, हे लोक खेड्यातले आहेत असंही सांगून टाकलं. तो हसून निघून गेला. माझा राग मात्र गेला नाही. आत जाऊन दर फेरीला दोघातिघांना शोधलं, दंडाला धरून बाहेर आणलं, बूट घालायला लावले. एकांचा मोजा सापडेना. एक काका खांबाला टेकून बसलेले, ते उठेचनात. शेवटची नाडी बांधून होते तोच गाइडने निघायची खूण केली.

बसमध्ये नेमक्या त्याच बाई शेजारी आल्या.

"रागावलात ना मॅडम? पण त्या गोल खिडकीचा निळा उजेड खाली फरशीवर पडलेला. मी त्यात उभी राहिलेली, पाय पण निळे दिसत होते. तुम्ही तर चित्रकलेच्या. तुम्हाला केवढं कळलं असेल!"

मी चार वेळा आत गेले होते. चारही वेळा लोकांचे पाय तेवढे बघून बाहेर आले होते.

"हो, छान होती खिडकी," मी म्हटलं, आणि पुढच्या गावापर्यंत झोपेचं सोंग घेतलं.