अकरा तास मोडणारा पाय

या ग्रुपवरचे अनुभव मी वाचते ते, खरं सांगायचं तर, हसायला. घाटात लिफ्ट मागणारी बाई, पिंपळावरचा मुंजा... आमच्या घरात कुणी असलं काही काढलं की मीच त्याला गप्प बसवायचे. नांदेडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल शिकवते; देवाला हात जोडते तेही आईचं मन राखायला. तरी लिहिते आहे, कारण किळस काही केल्या जात नाही – आणि ती भुताची नाही, माझी स्वतःचीच आहे.

माझी पीएच.डी. गाड्यांच्या टकरीत पायाला होणाऱ्या दुखापतींवर चालू आहे. गाडी आपटून बघताना आत माणसाऐवजी पुतळा बसवतात, त्याला डमी म्हणतात. मी तो डमी कॉम्प्युटरवर तयार करते आणि तिथंच त्याचा पाय मोडून बघते. अडचण अशी की तयार मिळणारा डमी परदेशी मापाचा, दोन्ही गुडघे समोर ठेवून साहेबासारखा बसणारा. आपल्याकडे जीपमध्ये पुढं चौघं कोंबलेले असतात आणि मधला माणूस गिअरला अडायला नको म्हणून पाय तिरका ओढून घेतो. माझे अप्पा मुरुडहून लातूरला दुकानाचा माल आणायला असेच जायचे. तीन वर्षांपूर्वी जीप उभ्या ट्रॅक्टरवर गेली आणि अप्पांचा उजवा पाय डॅशबोर्डखाली चिरडला. गुडघ्याखालून काढावा लागला. दवाखान्यानं तो कापडात गुंडाळून आमच्या हातात दिला. आम्ही लिंगायत, आमच्यात जाळत नाहीत, पुरतात; काकांनी तो शेतात लिंबाखाली पुरला.

पाय काढायच्या आधीच्या सीटी स्कॅनची सीडी घरात होती. मी भीत भीत मागितली, तर अप्पांनी स्वतः कपाटातून काढली आणि विभूती लावून दिली. म्हणाले, "घिऊन जा. मातीत पडून तरी काय करून राहिलाय त्यो? लोकांच्या कामाला येऊ दे."

चार महिने मी हाडाचे तुकडे स्क्रीनवर एकेक करून जुळवले आणि अख्खा पाय उभा केला. जोडला कशाला, तर परत मोडायला. तेव्हा मात्र मला अभिमान वाटत होता, हे कबूल करते.

रस्त्यावर पाय मोडतो तो पापणी लवायच्या आत. कॉम्प्युटर मात्र त्या एका क्षणाचे हजारो बारीक भाग करून गणित करतो, आणि आमच्या लॅबमधल्या मशीनला त्यासाठी अकरा तास लागायचे. एका सोमवारी सकाळी नऊला मी पहिला रन, म्हणजे ते गणित, लावला. संध्याकाळी आठला संपला. लगेच आईचा फोन... अप्पा सकाळपासून ओरडतायत, नसलेला पाय कुणीतरी हळूहळू दाबतंय म्हणतायत, आत्ता कुठं थांबलं.

डॉक्टर म्हणाले असं होतं, पाय गेला तरी नसांना ते कळत नाही. पटलं. गुरुवारी दुसरा रन लावला. नऊ ते आठ. पुन्हा तेच.

इथं शहाण्या माणसानं थांबायला हवं होतं. मी काय केलं? खात्री करायला तिसरा लावला. मुद्दाम रविवारी, मुद्दाम साडेअकराला, घरी कुणाला न सांगता. बापाला दुखतं का ते बघायला! बाराच्या आत आईचा फोन आला. मी घाबरून रन मधेच बंद केला. मग अप्पांनी फोन घेतला, आवाज ओळखू येत नव्हता.

"पोरी, कुनीतरी अर्धा पिरगाळून तसाच धरून ठिवलाय बग. सोडंना बी आन् मोडंना बी."

तासभर वाट पाहिली. सुटेना. शेवटी जिथं थांबवला होता तिथूनच रन पुन्हा चालू केला आणि उरलेले साडेदहा तास मशीनसमोर बसून राहिले. स्क्रीनवर ताण वाढेल तसं नडगीचं हाड पिवळं, मग लाल होत गेलं. रन संपला आणि अप्पा झोपले, असं आईनं कळवलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या गाईडना सगळं सांगितलं. सर खारे शेंगदाणे खात होते. खाता खाताच म्हणाले, इंटरेस्टिंग आहे, पुन्हा लावू, वडिलांना बीपीचं मशीन बांधून वेळा टिपून घे. त्यांच्या ओठाला चिकटलेलं ते साल मला अजून दिसतं.

मी मुरुडला जाऊन अप्पांना खरं सांगितलं. रागावतील वाटलं होतं. बराच वेळ ते धोतराची मोकळी बाजू चाचपत बसले.

"तू मोडून राहिलतीस व्हय? मग पुरून टाक. पायापाशीच पुर."

पाय एका पेन ड्राइव्हवर घेतला आणि मशीनवरून सगळं काढलं. अप्पांनी त्याला विभूती लावली, मी तो लिंबाखाली पुरला. पुढं चार महिने एक कळ आली नाही.

मागच्या मंगळवारी सकाळी दहाला अप्पांचा फोन आला. दात आवळून बोलत होते.

"पोरी, आज तूच हायस का?"

मी नव्हते. धावत सरांच्या केबिनमध्ये गेले. सरांनी माझ्या फायलींचा बॅकअप कधीच घेऊन ठेवला होता, आणि कुठल्याशा कॉन्फरन्ससाठी स्वतःच रन लावून बसले होते. आठ टक्के झाला होता.

हे का होतं, तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर सांगा. माझ्यापुरता प्रश्न त्या वेळी वेगळाच होता. बंद करा म्हणावं तर पाय अर्धा पिरगाळलेला राहणार. अप्पांना फोनवर एवढंच म्हटलं, आठ-नऊला सुटेल, धीर धरा. ते "बरं" म्हणाले.

मग सरांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. त्यांनी शेंगदाण्यांची पुडी पुढं केली. माझ्या थिसिसवर त्यांची सही व्हायची आहे अजून. मी दोन दाणे उचलले आणि खाल्ले.