केळीचं खत आणि तळ्याचं फूल

प्रकाशा गावाच्या बाजूला, तापीकाठी आमचं गाव. गावतळं बुजवून सभागृह बांधायचं ठरलं तेव्हा एकानेही हूं की चूं केलं नाही. लग्नाच्या पंगती बसायला जागा हवी होती ना! त्या तळ्यात पांढरी फुलं तरंगायची, बोटाच्या पेराएवढी, पाकळ्यांना पिंजलेल्या कापसासारखी लव. सून त्यांना कुमुदिनी म्हणते. आम्ही नावही ठेवलं नव्हतं. म्हशी खायच्या, आम्ही बघायचो. मातीचे ट्रॅक्टर येऊ लागले तशी मी चिखलात उतरले आणि एक वेल मुळासकट उपटून आणली. शिवारात तेवढीच उरली.

मुलाने घरासमोर हौद बांधला आहे. निळ्या टाइल्स, मधे सिमेंटचा बगळा, बगळ्याच्या पोटात दिवा. असल्या ठिकाणी बेडूकही राहणार नाही. पण दुसरीकडे पाणी नव्हतं. घमेल्यात काळी माती भरून वेल लावली आणि घमेलं हौदाच्या तळाशी ठेवलं. पानं वर येऊन तरंगली. फूल काही येईना.

मुलगा केळीवाला. त्याला जगात एकच इलाज माहीत, ठिबकमधून सोडायचं खत. सुनेच्या माहेरचे यायचे होते, त्याआधी फूल हवं म्हणून त्याने बादलीभर खत कालवून हौदात ओतलं.

“काय करी ऱ्हायना रे तू?”

“खाद दी ऱ्हायनू, माय. खादबिगर फूल येस का कोठे?”

“तळाले कोणता बाप खाद देत होता?”

“तुले नही समजाव. तू घरमा जाय.”

आठवड्याच्या आत पाणी पालकाच्या पातळ भाजीसारखं झालं. वास सुटला, पानं काळी पडली. ते बघून हा शहाणा म्हणतो, “रोग पडना, माय. फवारनी करनी पडी.”

मी पदर खोचला. त्या शेवाळात कोपरापर्यंत हात घातला. एकाच मुळात जीव होता. गोठ्यामागे अर्धा कापलेला ड्रम पडला होता, त्यात माती आणि साधं पाणी घालून ते मूळ लावलं. वर बाभळीच्या काट्या ठेवल्या. गुरांसाठी नव्हे, मुलासाठी.

पाहुणे आले त्या सकाळी ड्रममध्ये दोन फुलं उघडली होती. काट्या बाजूला सारून मुलगा सगळ्यांना दाखवत होता. म्हणे, खत वेळेवर पडलं की असं होतं.

मी मागे उभी होते. म्हटलं, “मंग घड कव्हय उतारशी, तेबी सांग पाहुणासले.”