आई की सासू: एकावर खूण करा

माझ्या सासूबाई सरकारदरबारी माझ्या कोणीही नव्हत्या, आणि हे मी त्यांना आठ वर्षं सांगितलं नव्हतं.

त्याचं असं झालं. आमचे हे खासगी कंपनीत, मी केंद्र सरकारात. त्यामुळे सरकारी दवाखान्याचं कार्ड काय ते माझंच. नोकरदार बाईला सरकारने मोठ्या मनाने मुभा दिली होती: कार्डावर आईवडील घाला, नाहीतर सासूसासरे. एकच जोडी! दिल्लीत आर. के. पुरमच्या आमच्या दोन खोल्यांत तेव्हा माझी विधवा आई आणि ह्यांची विधवा आई, म्हणजे माई, शेजारी शेजारी खाटांवर. मी फॉर्म घरी आणलाच नाही. ऑफिसातच डोळे मिटून (खरं तर चांगले उघडे ठेवून) आईवर खूण केली आणि घरी जाहीर केलं, "दोघींचं नाव लागलं!"

माईंनी अख्ख्या ब्लॉकला पेढे वाटले. "आमची सून!"

मग सुरू झाली माझी तपश्चर्या. आईच्या बीपीच्या गोळ्या दवाखान्यातून यायच्या. माईंचं गुडघ्याचं मलम मी शेजारच्या मुनिरक्याच्या बाजारात केमिस्टकडून विकत आणायची, खोका फाडून टाकायची आणि ट्यूब रद्दी कागदात गुंडाळायची. सरकारी दिसायला नको? वर अपराधी मनाने रोज स्वतः चोळून द्यायची. दोन्ही गुडघे! सख्ख्या आईला कधी पाणी विचारलं नसेल, पण माईंचा चहा सकाळी सहाच्या ठोक्याला.

"किती गुणाची गं माझी सून," माई म्हणायच्या. मला घास उतरायचा नाही. मी मुळात अबोल. बोलायचं ते गिळायची आणि मलम चोळायची.

कार्ड मी ऑफिसच्या ड्रॉवरात कुलपात ठेवायची. एक दिवस ते घरी फ्रिजवर राहिलं. साडेदहाला शेजारच्या मिसेस शर्मांचा ऑफिसात फोन: "अरे भाभी, आपकी दोनों माताजी कार्ड लेकर डिस्पेंसरी निकल गईं!"

मी ऑटोत. पोचले तर औषधांच्या खिडकीपाशी माई, हात पुढे केलेला, मागे आई. आता भर रांगेत तो खिडकीतला म्हणणार, 'माताजी, आपका तो नाम ही नहीं है!' मी घुसले.

"ओ मॅडम, लाइन!"

"लाइन गेली खड्ड्यात!" मी ओरडले आणि आठ वर्षांचं सगळं एका दमात बोलून टाकलं. मराठीत सुरू केलं, हिंदीत संपवलं. "माई, मी खोटं बोलले! कार्ड पर सिर्फ मेरी माँ है!"

"हाय रब्बा," एक पंजाबी आजी पुटपुटली.

माईंनी चष्मा वर केला. "हळू गं. मला ठाऊक आहे. तुझ्या आईनं पहिल्याच आठवड्यात, दवाखान्यात कार्ड पाहून सांगितलं."

मी आईकडे पाहिलं. आई पंख्याकडे बघत होती.

"मग हे कार्ड?"

"तू विसरलीस ना! हिच्या गोळ्या संपल्यात. आणि हे माझं." माईंनी पिशवीतून दुसरं कार्ड काढलं. "आपल्या बेबीच्या सरकारी नोकरीवरचं. पोरीनं तुझ्या आधीच माझं नाव घातलंय."

बेबी म्हणजे माझी नणंद!

"मग मी आणत होते ते मलम?"

"तुझी ट्यूब ह्यांना, कागदात माझ्या कार्डावरची," म्हणत माईंनी रांगेकडे हात केला. पाच आज्यांनी मला हात जोडले. आठ वर्षं आमच्या ब्लॉकचे गुडघे माझ्या मलमावर चालत होते!

"अहो, पण मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर चोळून कोणी दिलं असतं?"

रांगेने टाळ्या वाजवल्या. एका हाताला आई, दुसऱ्या हाताला माई धरून मी बाहेर पडले ती निवडणूक जिंकल्यासारखी. त्या दुपारी आठ वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

परवा माझी सून असाच एक फॉर्म घेऊन आली. नवी सरकारी नोकरी, चेहरा उतरलेला. "आई, एकच जोडी चालते म्हणे..."

"बिनधास्त तुझ्या आईवडिलांना घाल," मी विजयी स्वरात म्हणाले. "बिल्कुल मनाला लावून घेऊ नकोस."

"सो स्वीट, आई!" ती गळ्यात पडली, आणि मेट्रोने मैत्रिणींकडे गेली.

मी अजून गुडघे पुढे करून बसलेय. आठ वर्षं राहू देत, पण निदान आठ दिवस तरी तिला अपराधी ठेवायला हवं होतं!