नाव जागेवर हाय ना?

सरकारी कागद ऑनलाइन झाले आणि पनवेलमधल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात किश्श्यांचा ढीग लागला. कारण सोपं आहे. साइट उघडायला वेळ लागतो, तोवर माणसं बाकावर बसतात, आणि पनवेलचा माणूस बसला की बोलतो!

सुरुवातीचीच गोष्ट. ओवे गावचे एक काका सातबारा काढायला आले. मी विचारलं, "गट नंबर?"

"लंबर कसला? बांधावर आंबा हाय ना, तो शेत!"

"काका, कॉम्प्युटरला आंबा कळत नाही."

काका मॉनिटरकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मंग त्याला तलाठी केला कोनी?"



सुकापूरला नवीन फ्लॅट घेतलेले एक निवृत्त साहेब मतदार यादीत नाव शोधायला आले, सोबत काकू. साहेबांचं नाव लगेच सापडलं, वय बासष्ट. काकूंचंही सापडलं. वय चौतीस!

साहेब भडकले. "काय कारभार आहे हा! दुरुस्तीचा फॉर्म काढा हो."

काकूंनी शांतपणे पर्स उचलली. "राहू द्या. सरकारी रेकॉर्ड आहे. आपण कोण बदलणारे?"

उरणकडच्या एका कोळीणबाईंना वडिलांच्या नावाची जमीन बघायची होती. नंबर माहीत नाही, म्हणून आडनावाने शोधलं. अख्ख्या कोळीवाड्याचं आडनाव एकच! स्क्रीनभर यादी आली. म्हटलं, "यातले तुमचे वडील कोणते?"

बाईंनी पाटी खाली ठेवली आणि पहिल्या नावापासून सुरुवात केली. हा वारला, हा मुंबईला गेला, याच्या पोरीचं लगीन आमच्या दिरानं मोडलं! मी ऐकत बसलो. अर्ध्या तासाने साइट आपोआप बंद पडली.

"बंद कशाला केलीस? आमचा घर तर अजून आलाच नवता!"

पण माझं सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक म्हणजे बेलपाड्याच्या हिरामावशी. दर सोमवारी भाजी विकून झाली की यायच्या, बाकावर मधोमध बसायच्या आणि म्हणायच्या, "बाला, वाच." मी त्यांच्या वडिलांचा सातबारा उघडून नावं वाचायचो. थोरला भाऊ, धाकटा भाऊ, मग हिराबाई.

"जागेवर हाय ना?"

"आहे, मावशी."

"बरा." की निघाल्या. प्रिंट कधीच नाही.

एकदा न राहवून विचारलं, दर आठवड्याला काय बघता? म्हणाल्या, "शालेत मना घातलाच नाय. रेशनकार्डावर धन्याचा नाव. बापासाच्या मागं माजा नाव लिवलेला एवडा एकच कागद हाय." मी त्या दिवसापासून त्यांचं नाव जरा मोठ्याने वाचायला लागलो.

आता आमच्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. जमिनीला भाव आला की भावांना बहिणीची आठवण येते, आणि हक्कसोडीचा कागद पुढे येतो. मावशींच्या भावांना तो कागद हवा होता. अडचण एकच, दोघं भाऊ बारा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण कशावरून झालं, ते दोघांनाही नीट आठवत नव्हतं.

आणि एका दुपारी दोघं एकाच वेळी माझ्या दुकानात! दोघांनाही तोच सातबारा हवा. बाकाच्या या टोकाला थोरला, त्या टोकाला धाकटा, मध्ये मावशींची रिकामी जागा. मी विचारलं, "किती प्रिंट?"

"दोन!" दोघंही एकदम बोलले.

मग एकाने पंख्याकडे बघितलं, दुसऱ्याने रस्त्याकडे. बारा वर्षांतलं ते पहिलं एकमत, आणि त्याचा साक्षीदार मी!

पुढच्या सोमवारी मावशी म्हणाल्या, "सांगितला दोघांना. अंगठा पायजे तर एकत्र या, माज्या घरी एका पंगतीला जेवा. एकेकटा आला तर दार उघडनार नाय."

आले. जेवले. मावशींनी कागदावर अंगठा उठवला. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पुढचे दोन-तीन महिने त्या आल्याच नाहीत.

मग एका सोमवारी तिघं आली. दोन टोकांना दोन भाऊ, मध्ये मावशी. "बाला, वाच."

सातबारा उघडला. हक्क सोडलेल्याचं नाव सातबाऱ्यावरून पुसत नाहीत, त्याला कंस करतात. दोन्ही बाजूंना एकेक उभी रेघ, म्हणजे हे नाव आता मोजायचं नाही. मी थोरल्याचं नाव वाचलं, धाकट्याचं वाचलं आणि थांबलो.

"माजा?"

"आहे, मावशी. पण... कंसात."

"कशान?"

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. अक्षर येत नव्हतं, पण त्या दोन रेघा त्यांना दिसल्या. त्यांनी एका रेघेवर बोट ठेवलं आणि थोरल्याकडे बघितलं. दुसऱ्या रेघेवर ठेवलं आणि धाकट्याकडे बघितलं. भाऊ दोघंही खाली बघत होते.

"मंग बरोबर हाय की! दोगं दोन बाजूला, मी मदी," मावशी म्हणाल्या. "बाला, आज प्रिंट काड."