बास अर्जुना

कराडच्या पेठेत भाऊसोचा बँड होता आणि त्या बँडात अर्जुना बास वाजवायचा. बास म्हणजे अंगाला वेटोळं घालून बसणारं आणि डोक्यावर हे एवढं तोंड वासणारं पितळी धूड. पोरं त्याला भोंगा म्हणायची. पलटणीच्या बँडात पंधरा वर्षं काढून अर्जुना घरी आला, तो हे वाजवायला शिकूनच. पण तिकडं त्याच्या बासवर अख्खी रांग पाय टाकायची, आणि इथं वरातीत कुत्रं त्याच्याकडं बघत नव्हतं! चाल भाऊसोच्या क्लॅरिनेटची, वाहवाही त्याचीच. लोकांचं काय घेऊन बसलाय? आमटीत मीठ बरोबर पडलं तर कोण बोलतं? अळणी झाली की मात्र घरभर बोंब.

एकदा अर्जुनानं न राहवून विचारलंच होतं, "भाऊसो, माझं कुणाला ऐकू तरी येतं का रं?"

भाऊसो हसून म्हणाला, "तुला येतंय न्हवं? मग झालं की गड्या."

अर्जुनाही हसला, पण ते त्याच्या मनात सलत राहिलं.

भाऊसो त्याला नावानं कधी हाक मारायचा नाही. 'बास' म्हणायचा. भाऊसोची बायको चंद्राबाई 'बास भावजी' म्हणायची. त्या नावानं एकदा कोरेगावात घोटाळा केला. वरात रेंगाळली म्हणून नवरदेवाचा चुलता कातावून ओरडला, "बास! बास!" म्हणजे आवरा आता. अर्जुनाला वाटलं, उभ्या जन्मात आज पहिल्यांदाच कुणीतरी आपल्याला फर्माईश केली. पठ्ठ्यानं गाल फुगवून असा दम लावला की गाडीचे बैल बुजले आणि नवरीची करवली धुळीत बसली. भाऊसो आठ दिवस पोट धरून हसत होता. पण अर्जुनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं कानाला खडा लावला. तेव्हापासून भाऊसोनं बोट वर करून 'बास' म्हटलं की हा तोंडातला सूरही अर्धा सोडायचा.

शहात्तर साली, ऐन लग्नसराईत भाऊसोच्या छातीत कळ आली आणि त्यानं अंथरूण धरलं. मूलबाळ नव्हतं. उशाशी चंद्राबाई आणि पायाशी अर्जुना. भाऊसोनं त्याचा हात धरला.

"बास, मला रडत न्हेऊ नगा. पाठवणीची चाल वाजवत न्या."

ही चाल भाऊसोनं स्वतः बांधलेली. नवरी सासरी निघाली की वाजायची, आणि कराडात अशी आई नव्हती जी त्या चालीवर रडली नसेल. अर्जुनानं हातात हात देऊन शब्द दिला. तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊसो गेला.

तिरडी बांधून झाली आणि मग सगळ्यांच्या ध्यानात आलं की चाल धरायला माणूसच नाही. क्लॅरिनेटवाला तिरडीवर. ट्रंपेट वाजवणारा लालासाहेब त्याचा धाकटा भाऊ, त्याच्या हातात विस्तवाचं मडकं. उरले दोघं, ढोलवाला ज्ञानू आणि अर्जुना.

ज्ञानू दबक्या आवाजात म्हणाला, "अर्जुनादा, नुसत्या भोंग्यावर माणूस न्हेयाचा? चाल कुठनं येणार? लोक हसतील."

"हसू देत. शब्द म्या दिलाय."

त्यानं बास अंगावर चढवला. भों... पों... भों... पों... बिनचालीचा तो जाड आवाज पेठेतून निघाला. दुकानदार फळीवरून वाकून बघायला लागले. कुणीतरी म्हणालंही, "ह्ये काय लावलंय?" अर्जुनाचे कान तापले. भाऊसोच्या क्लॅरिनेटखाली वीस वर्षं जे झाकलं होतं ते आज उघड्यावर पडलं, असं त्याला वाटलं. भाऊसो नाही म्हटल्यावर आपल्याजवळ काय आहे? म्हशीचं रेकणं! आपण दोस्ताची शेवटची वाट नासवतोय, ह्या विचारानं त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. तरी पाय आणि सूर त्यानं चुकू दिले नाहीत.

विसाव्यापाशी तिरडी टेकवली. इथून बायकांनी माघारी फिरायचं. चंद्राबाई पाया पडायला वाकली, उठली आणि अर्जुनाकडं वळून म्हणाली,

"बास..."

अर्जुनानं तिथल्या तिथं सूर तोडला. ढोल थांबला. मान खाली घालून तो म्हणाला, "चुकलं वैनी. मला चाल येत न्हाई."

चंद्राबाई दचकली. "आवं, थांबलासा का?"

"तुमी बास म्हणलासा..."

"मी हाक मारली भावजी! रडं आलं म्हणून पुढचं तोंडातच राह्यलं." तिनं पदरानं डोळे पुसले. "ह्यांची चाल पेठंपास्नं ऐकत आलीया मी. तुमी वाजिवताय, मला ह्यांचं ऐकू येतंय. थांबू नगा."

मागं उभ्या बायांतून एक म्हातारी हुंदका देत म्हणाली, "मला बी ऐकू येतंय गं. माझ्या लेकीच्या पाठवणीची हाय ही."

अर्जुनाचे ओठ इतके थरथरत होते की पहिल्या दोन फुंका नुसत्या हवेच्याच गेल्या. तिसऱ्या फुंकेला सूर लागला. तिरडी उचलली. कृष्णेच्या काठापर्यंत तो एकदाही अडखळला नाही.

लालासाहेबानं अग्नी दिला. माणसं हात जोडून एकेक करून निघाली. ज्ञानूनंही ढोल खाली ठेवला. अर्जुना तेवढा वाजवत राहिला, कारण बोट वर करून 'बास' म्हणणारा चितेवर होता.