मास्टरांची कौलं आणि सुजाताचं मनगट

"किरकोळ लचक आहे, डॉक्टर. जरा बर्फ लावला की हात मोकळा होईल," मास्टर म्हणाले.

अंगात पांढरा कराटे ड्रेस, कमरेला काळा पट्टा, पायात स्लिपर. मी हाडांचा डॉक्टर. धुळ्यातल्या माझ्या ओपीडीत स्वतःच निदान करून येणारे लोक रोजच असायचे. पण त्यासाठी खास ड्रेस घालून आलेले हे पहिलेच.

खरी पेशंट शेजारी उभी होती. सुजाता. साक्रीकडच्या एका खेड्यातली, धुळ्यात मावशीकडे राहून बी. ए. करणारी. उजवं मनगट तिने डाव्या हाताने सांभाळून धरलं होतं. मागे तिचे वडील. त्यांना सगळे नाना म्हणत. नव्वद सालच्या आसपासची ही गोष्ट. तेव्हा गल्लोगल्ली कराटेचे क्लास निघाले होते आणि त्यांच्या कृपेने माझा धंदा बरा चालला होता.

झालं होतं असं. मास्टरांच्या क्लासचं मैदानावर जाहीर डेमो होतं. प्रमुख पाहुणे म्हणून कुणी पुढारी. मुख्य आकर्षण, हाताने कौलं फोडणे. आता कौलांची चळत फोडणारे लोक दर दोन कौलांमध्ये पेन्सिलीचे तुकडे ठेवतात. मध्ये फट असली की एकेक कौल सुटं मोडतं, जोर कमी लागतो. फट नसली तर सगळ्या कौलांचा मिळून एक जाड दगडच होतो. मास्टरांची कौलं पेन्सिलीवाली होती. ती धडाधड फुटली, टाळ्या पडल्या. मग सुजाताची पाळी. तेवढ्यात स्टेजवरच्या एका उत्साही कार्यकर्त्याला कौलांमधला तो 'कचरा' दिसला. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही म्हणून त्याने पेन्सिली काढून टाकल्या आणि कौलं नीट रचून ठेवली. मास्टर तेव्हा हार घालून घेण्यात गुंतले होते. सुजाताने तळहाताचा बुडखा आपटला. कौलं सुखरूप राहिली.

मी एक्स-रे काढला. त्यात काही दिसेना.

"बघा!" मास्टर नानांकडे वळून म्हणाले.

अंगठा ताणून वर केला की त्याच्या बुडाशी एक खळगा पडतो. जुने लोक तिथे तपकिरीची चिमूट ठेवून ओढत, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. त्या खळग्याखाली काजूएवढं एक हाड असतं, स्कॅफॉइड. त्याला रक्तपुरवठा कमी. त्याला तडा गेला तर तो बरेचदा पहिल्या एक्स-रेत दिसत नाही. आणि हात मोकळा ठेवला तर ते हाड जुळत नाही, मनगट कायमचं दुबळं होतं. मी त्या खळग्यात बोट दाबलं. सुजाता ओरडली नाही, पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"प्लास्टर घालू. दोन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढू."

"एक्स-रे क्लिअर असताना प्लास्टर?" मास्टर हसले. "पुढच्या महिन्यात तिची ब्राऊन बेल्टची परीक्षा आहे."

"बेल्ट कमरेलाच बांधतात ना? कमर मोकळी ठेवतो."

नानांना मात्र हसू येत नव्हतं. "डाक्तरसाहेब, फोटोमा काही दिसस नही, आसं तुम्हीच म्हनतस. मंग पलास्तर कसाले? पोलिसनी भरतीले चारच महिना शेतस."

तेव्हा मला खरी अडचण कळली. मागच्या भरतीत सुजाता गोळाफेकीत थोडक्यात राहिली होती. हातात जोर यावा म्हणून हा क्लास लावला. या वेळीही राहिली असती तर घरच्यांनी एक स्थळ बघून ठेवलं होतं, आणि तिची एवढी धडपड तिथेच संपली असती. मास्टर म्हणाले, त्यांच्याकडे खास तेल आहे, आठ दिवसांत हात चालू होईल. एका बाजूला काळा पट्टा आणि तेल, दुसऱ्या बाजूला मी आणि माझं सुटलेलं पोट. तब्येतीच्या बाबतीत कुणाचं ऐकावं, हा प्रश्न नानांना पडला यात नवल नाही.

"प्लास्टरच घाला, सर," सुजाता म्हणाली. "मनगट माझं आहे."

दोन आठवड्यांनी एक्स-रेत केसासारखी रेघ आली. नानांनी तो खिडकीशी धरून पुन्हा पुन्हा पाहिला.

"हाई रेघ पहिले कोठे व्हती?"

"तिथेच होती. चारचौघांत यायला लाजत होती."

नानांनी एक्स-रे पाकिटात घातला. म्हणाले, "आते चांगला क्लास कोनता, तो तुम्हीच सांगा."

मला कराटेतलं ओ की ठो कळत नाही. पण कुठला क्लास बोटं पाठवतो आणि कुठला गुडघे, हे मला बरोबर माहीत होतं. कापसाच्या एका जुन्या जिनिंग मिलमागे महाले बाई ज्युदो शिकवायच्या. त्यांच्याकडून माझ्याकडे कधीच कुणी आलं नव्हतं. मला वाटत होतं, क्लास बंद पडला असेल. रविवारी सकाळी बघायला गेलो, तर जिनिंगमधली टाकाऊ रुई भरलेल्या गाद्यांवर मुली नुसत्या पडत होत्या. पडायच्या, उठायच्या, पुन्हा पडायच्या.

सुजाताच्या मनगटाची हकीकत सांगून मी विचारलं, "तुम्ही कौलं कधी फोडायला शिकवता?"

"कौलं लोकांच्या घरावर घालायची असतात," बाई म्हणाल्या. "त्या मुलीचे पाय कसे आहेत?"

"पाय ठणठणीत."

"मग उद्यापासून पाठवा. हात बरा होईपर्यंत पळू दे." माझ्या पोटाकडे बघून त्या म्हणाल्या, "तुम्हीही या."

मी ओपीडीचं कारण सांगितलं. हाडांच्या डॉक्टरांना ओपीडी फार सोयीची असते.

सुजाता प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून पळाली, पायऱ्या चढली, बैठका मारल्या. प्लास्टर काढलं तेव्हा हात काडीसारखा झाला होता. मग ओलं फडकं पिळणं, रबरी चेंडू दाबणं. ती दर खेपेला विचारायची, "सर, आता गोळा?" मी नाही म्हणायचो. हाड पुरतं जुळल्यावर हो म्हणालो, तेव्हा भरती तोंडावर आली होती. गोळा जेमतेम पोचला. पण धावण्यात तिने बाकीच्यांना फार मागे टाकलं. पोरगी पोलिसात लागली.

पुढे एस. टी. स्टँडजवळ मास्टरांचा नवा बोर्ड लागला. सुजाताचं नाव, वर्दीतलं चित्र, खाली 'आमच्या क्लासची यशस्वी विद्यार्थिनी'. पेंटरने वर्दीवर काळा पट्टाही रंगवला होता. ते बघून माझं डोकं फिरलं.

सुट्टीवर आल्यावर सुजाता वर्दीतच मास्टरांकडे गेली. नाना सोबत होते, त्यांनीच नंतर सांगितलं. तिने मास्टरांना वाकून नमस्कार केला. म्हणाली, "सर, नाव राहू द्या. फक्त चौकशीला कुणाचे आईवडील माझ्याकडे आले, तर डेमोत काय झालं ते मी खरं सांगेन. आता खोटं बोलायची सोय नाही."

"संध्याकायले बोर्ड उतरी गया," नाना म्हणाले. मला फार बरं वाटलं.

तेव्हापासून कुणी क्लासबद्दल विचारलं की मी सांगतो, मास्टरने काय काय फोडलंय ते बघू नका, त्याच्या मुलांचं काय मोडलंय ते विचारा. आणि ते मास्टरला विचारू नका. जवळच्या हाडांच्या डॉक्टरला विचारा. तो हसून सगळ्यांची नावं घेईल. ज्या क्लासचं नाव त्याला आठवणार नाही, तिथे पोरीला घाला.